चावीवरचं माणूस

गाडीचं बॉनेट उघडलं की मी आपोआप ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसते. सवयच तशी लागली आहे. लग्नानंतर आमच्या घरी जेवढ्या गाड्या आल्या, आणि आल्या त्या सगळ्या कुणीतरी वापरून कंटाळलेल्याच आल्या, त्यांच्या दुरुस्तीत माझ्याकडे एकच खातं होतं, ते म्हणजे चावी. नवरा पुढे इंजिनात डोकं खुपसून उभा आणि मी आत, चावीला हात लावून हुकमाची वाट बघत. मध्ये उचललेलं बॉनेट. त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत, नुसते आवाज यायचे.

"फिरव," ते म्हणायचे.

"फिरवली."

"बंद."

"केली."

आमच्या संसारातला सगळ्यात सुरळीत संवाद हाच. बाकी कुठल्याही विषयावर आमची चार वाक्यं वाजल्याशिवाय गेली असतील तर शपथ.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. गाडी मात्र त्यानंतरही बरी चालत होती. मग काही दिवसांपूर्वी तिनेही अंग टाकलं. सकाळी सेल्फ मारला की नुसती खोकायची, घ्यायची नाही. जास्त वेळ सेल्फ मारू नये, सेल्फची मोटार जळते, हे मी ऐकून ऐकून पाठ केलेलं, त्यामुळे दोनदा मारून मी गप्प बसायचे. मेकॅनिक आला, त्याने कान लावून ऐकलं, मान हलवली आणि सांगितलं की टाकीतला पेट्रोलचा पंप गेला. या गाडीचा पंप आता मिळणं मुश्कील, मिळाला तरी टाकी उतरवावी लागेल, त्यापेक्षा मावशी, हिला निरोप द्या. निरोप द्या म्हणे. जसं काही मला त्याचा सराव नाही.

मुलगा दुसऱ्या गावात असतो. त्याने फोनवरच सगळं जमवून टाकलं. जुन्या गाड्या घेणारा एक माणूस रविवारी दुपारी टेम्पो घेऊन येईल, ओढून नेईल, तू काही काळजी करू नकोस. मी म्हटलं, मग ताईकडे कशी जाऊ? तो म्हणाला, टॅक्सी कर की. त्याला वाटतं टॅक्सीवाले जगात सगळीकडे जातात.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. गावाबाहेर, कारखान्यांच्या शेडी संपतात त्याच्याही पुढे एक वृद्धाश्रम आहे, तिथे असते. बस फाट्यापर्यंतच जाते. पुढे चढ आहे, आणि माझा उजवा गुडघा चढ म्हटलं की संप पुकारतो. टॅक्सीवाला एकदा गेला होता, पण परत न्यायला आलाच नाही. शेवटी आश्रमाला भाजी पोचवणाऱ्या टेम्पोत, कोबीच्या पोत्यांना टेकून मी घरी आले.

ताईला लहानपणचं सगळं आठवतं. मी सात वर्षांची असताना तिची कानातली हरवली होती, हे ती मला अजून ऐकवते. पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. रविवार मात्र तिला बरोबर कळतो. अंघोळ करून, केस विंचरून, मांडीवर पर्स घेऊन ती फाटकाजवळच्या बाकावर येऊन बसते. गेले दोन रविवार मी गेले नव्हते. तिथल्या नर्सबाईंनी फोनवर सांगितलं की ती अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिली. जेवायला चला म्हटलं तर म्हणाली, बहीण येतेय, तिच्याबरोबर जेवते. हे ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

तरी मुलाला मी शब्द दिला होता. रविवारी दुपारपर्यंत गाडी चालू झाली नाही तर घेऊन जा, मी आडकाठी करणार नाही. दिलेला शब्द मी फिरवत नाही. माझ्या अनेक वाईट खोडींपैकी ती एक आहे.

म्हणून त्या रविवारी सकाळी मी त्यांची पेटी उघडली.

पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक. कपाटातल्या कपड्यांच्या घड्या ज्याला कधी जमल्या नाहीत, त्या माणसाने तिच्यात एकेक पाना फडक्यात गुंडाळून ठेवला होता. प्रेशर बघायचं गेज तळाशी होतं. वाटीच्या तोंडाएवढी तबकडी आणि तिला काळी नळी, वेटोळं करून सुतळीने करकचून बांधलेली. तबकडीच्या काचेवर दोन लाल रेघा होत्या. नीट बघितलं तर ते माझं नेलपॉलिश. ती बाटली घरातून नाहीशी झाली तेव्हा मी मनातल्या मनात सुनेवर संशय घेतला होता. आता सून बिचारी निर्दोष सुटली.

त्या रेघांचा अर्थ मला ठाऊक होता. जेवताना या माणसाला दुसरा विषय नसायचा. चावी फिरवली की टाकीतला पंप क्षणभर घुमतो आणि पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो. काटा चढून दोन रेघांच्या मध्ये आला पाहिजे आणि चावी बंद केल्यावर तिथेच टिकला पाहिजे. चढलाच नाही तर पंप गेला. चढला आणि उतरला तर कुठेतरी गळतंय, पण पंपात जीव आहे. आमटी वाढता वाढता मी हे इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

पण हे काम दोघांचं. एक चावीवर, एक गेजवर. आमच्याकडे हे कायम असंच चालत आलं होतं आणि मला ते सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं पक्कं वाटत होतं. म्हणून मी आधी माणूस शोधायला निघाले.

शेजारीण शिवणकाम करते. तिला म्हटलं, बाई गं, फक्त गाडीत बसायचं आणि मी सांगेन तेव्हा चावी फिरवायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की यात पेट्रोल आहे का. गाडीत पेट्रोल असणारच म्हटल्यावर तिला वासानेच चक्कर यायला लागली. तिचा नवरा झोपला होता, आणि रविवारी त्याला उठवायचं म्हणजे तिला त्याहून मोठी चक्कर. समोरच्या घरातल्या गृहस्थांशी गाडी लावायच्या जागेवरून आमचं जे बिनसलं ते माझ्या नवऱ्याच्या हयातीत मिटलं नाही, आता चावी फिरवायला कुठल्या तोंडाने बोलवू? आणखी कोण, म्हणून मी फाटकात उभी राहून विचार करू लागले. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. इतकी वर्षं या रस्त्यावर राहतेय, सगळ्यांशी हसून बोलते, आणि क्षणभर चावी फिरवायला हक्काने बोलवावं असं एक माणूस मला सुचेना. ते फार लागलं मला.

मग म्हटलं, खड्ड्यात जा सगळे, एकटीच करते.

बॉनेट उघडून दांडा लावला. इंजिनावर पेट्रोलची नळी जाते, तिच्यावर सायकलच्या व्हॉल्व्हला असतं तसं एक छोटं टोपण असतं. ते कुठे असतं ते मला फक्त ऐकून माहीत होतं, हात लावायची परवानगी कधी नव्हती. पंपाचा फ्यूज काढून, सेल्फ मारून नळीतलं उरलंसुरलं प्रेशर उतरवायचं, हे मला येत होतं, कारण तेही काम आतूनच करायचं. मग टोपणाभोवती फडकं धरलं, त्यांचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि टोपण काढलं. थेंबभर पेट्रोल फडक्यावर आलं, बस्स. गेजचं तोंड त्या जागी फिरवून घट्ट बसवलं, फ्यूज परत लावला. सुतळीने बांधलेल्या नळीची ती गुंडाळी आणि तबकडी इंजिनाच्या कडेला कशीबशी टेकवून ठेवली.

आणि मी गाडीत जाऊन बसले, चावीला हात लावला आणि थांबले.

समोर उचललेलं बॉनेट. त्याच्या खालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी दिसत होती. तिथे एरवी त्यांच्या राखाडी स्वेटरचा तुकडा हलताना दिसायचा. मी बसून राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. शेजारणीचं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं की मी हुकमाची वाट बघतेय. कुणीतरी "फिरव" म्हणेल म्हणून मी, डोकं ठिकाणावर असलेली बाई, रिकाम्या बॉनेटकडे बघत बसले होते. त्यांच्या अंत्यविधीला मी सगळ्यांना चहा विचारत फिरले होते, डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्या दिवशी गाडीत बसून मी पोटभर रडले.

रडून झाल्यावर चावी फिरवली. मागच्या बाजूने पंप घुमल्याचा बारीक आवाज आला. मी धडपडत उतरले. आमच्यासारख्यांचं उतरणं म्हणजे आधी एक पाय, मग दाराला धरून दुसरा, मग कंबर म्हणते जरा थांब. पुढे जाऊन बघते तर काटा तळाला टेकलेला. परत आत, परत चावी, परत बाहेर. काटा तळाला. तिसऱ्यांदा मी चावी फिरवून एक पाय आधीच बाहेर ठेवला होता, तरी तेच. म्हणजे मेकॅनिक खरं बोलत होता. पंप गेला. घुमत होता, पण आवाज करणारी सगळीच माणसं कामाची असतात असं थोडंच आहे?

टेम्पो यायला अजून वेळ होता, पण मी हरले होते. ताई बाकावर येऊन बसली असेल, एवढंच डोक्यात घोळत होतं. गेज काढून पेटीत ठेवावं म्हणून हात घातला तर सुतळीची गाठ कुठल्याशा तारेत अडकली. सुटेना. त्यांच्या गाठी अशाच, बांधणाऱ्यालाही सुटायच्या नाहीत. शेवटी वैतागून कात्री आणली आणि कापून टाकली.

वेटोळं सुटलं आणि नळी उलगडत गेली. हातभर असेल असं वाटलं होतं, ती निघाली चांगली लांब. बॉनेटच्या कडेने बाहेर येऊन पार काचेपर्यंत पोचली. तबकडीच्या पाठीला तारेचा एक आकडा होता. मी तो आधी बघितला नव्हता. तो वायपरच्या दांडीवर टेकवून बघितला तर असा बसला, जणू मापाने वाकवलाय. मापानेच वाकवला होता. नळीवर एके ठिकाणी चपटा वळ होता, तो बॉनेटच्या बिजागरीपाशी तंतोतंत आला.

मी आत जाऊन बसले. समोर काचेवर तबकडी, माझ्याकडे तोंड करून. चावी फिरवली. काटा उडी मारून अर्ध्यावर आला आणि माझ्या डोळ्यांदेखत घरंगळत खाली जायला लागला. म्हणजे मी लंगडत पुढे पोचेपर्यंत तो दर वेळी खाली पोचत होता तर! तळाला जायच्या आत मी परत फिरवली. यावेळी तो आणखी वर आला. तिसऱ्यांदा फिरवली, आणि काटा माझ्या नेलपॉलिशच्या दोन रेघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. मी श्वास न घेता सेल्फ मारला. गाडीने घेतलं. एकदा खोकली, आणि मग अशी चालू राहिली जशी काही भानगड झालीच नव्हती.

पंप जिवंत होता. पेट्रोल कुठेतरी मागे गळत होतं, एवढंच. तीनदा चावी फिरवून मग सेल्फ मारला की गाडी मला ताईपर्यंत नेणार होती. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, बाहेर कुठे पेट्रोल सांडत नाही ना, बघा. नाही म्हटल्यावर म्हणाला की मग ते परत टाकीतच उतरतंय, तसंच चालवा मावशी, चालतंय तोवर. तो जरा ओशाळला होता, पण मला त्याच्याशी भांडायची उसंत नव्हती. माझं डोकं दुसरीकडेच होतं.

मी त्या आकड्याकडे बघत होते.

नातू झाला तेव्हा मी मुलाकडे राहायला गेले होते. तिथे यांचा फोन आला होता. गाडी कुरकुर करत होती, प्रेशर बघितलं, सगळं ठीक आहे. मी विचारलं होतं, चावीवर कोण होतं? ते म्हणाले, झालं कसंतरी. मला वाटलं शेजारचं कुणी असेल, आणि खरं सांगते, जरा मत्सरही वाटला होता. कुणीच नव्हतं. त्यांनी आकडा वाकवला, नळी काचेपर्यंत आणली आणि चावीवर बसून एकट्याने सगळं बघितलं. त्यात दुसऱ्या माणसाचं काही काम नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आणि मी परत आल्यावर त्यांनी नळीचं वेटोळं केलं, सुतळीने करकचून बांधलं, आणि पुढच्या रविवारी खिडकीखाली येऊन हाक मारली, "अगं, येतेस का जरा?"

पहिल्यांदा मला राग आला. किती चहा गार झाले माझे त्या हाकांपायी. किती वेळा ओल्या हातांनी, तोंडाने बडबडत मी त्या सीटवर येऊन बसले. एकदा तर अंगात ताप होता. एकट्याने होतंय ना, मग करायचं होतं एकट्याने! असं मी गाडीत बसून मोठ्याने म्हणाले. मग माझं मलाच कळलं. चावीशी त्यांचं काही अडत नव्हतं. त्यांना मी तिथे हवी होते. "जरा माझ्याजवळ येऊन बस" असं म्हणायला त्या माणसाची जीभ आयुष्यात कधी वळली नाही, म्हणून ते गाडी बिघडली म्हणायचे. आणि मी जायचे, बडबडत का होईना, हे एक बरं झालं.

गेज काढून, टोपण लावून, सगळं पुसून मी पेटीत ठेवलं. नळी बांधायला सुतळी शोधली आणि मग तशीच सुटी ठेवली. टेम्पोवाला आला तेव्हा गाडी फाटकात उभी राहून घुरघुरत होती. त्याने एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला की मला तर बंद गाडी सांगितली होती. मी म्हटलं, मलाही तसंच सांगितलं होतं. तो बिचारा पाणी पिऊन गेला. मुलाला मी फोन केला नाही. संध्याकाळी करीन म्हटलं, तेवढाच त्याचा रविवार शांततेत जाईल.

ताई बाकावर होती. मांडीवर पर्स, केस विंचरलेले. मला बघून उठली नाही, नुसता हात पुढे केला आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. उशीर का झाला विचारलं नाही. दोन रविवार गेले होते हे तिच्या लेखी नव्हतंच. नेहमीसारखं फाटकाबाहेर डोकावून तिने विचारलं, "मेहुणे कुठे राहिले?"

हे ती दर वेळी विचारते. ते गेल्यावर पहिल्यांदा मी तिला खरं सांगितलं होतं. ती ओक्साबोक्शी रडली, आणि तासाभराने परत विचारलं, मेहुणे कुठे राहिले. परत सांगितलं असतं तर परत तेच. तेव्हापासून मी एकच उत्तर देते.

"गाडी लावतायत," मी म्हटलं.

"फार वेळ लावतात बाई," ताई म्हणाली, आणि आम्ही जेवायला आत गेलो.

निघताना ती मला सोडायला फाटकापर्यंत आली. गाडी थंड झाली होती. तीनदा चावी, मग सेल्फ. मला सगळं माहीत होतं, कुणाची गरज नव्हती. मी आत बसले, चावीला हात लावला. समोर रिकामा रस्ता, घरी गेल्यावर रिकामं घर. ताई खिडकीशी वाकून उभी होती.

मी उतरले. गियर काढलेला आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, हे बघून घेतलं.

"ताई, जरा इथे बसतेस का?" मी म्हटलं. "गाडी कुरकुर करतेय. सांगितलं की ही चावी एवढीच फिरवायची. याच्यापुढे नाही."

ती खुशीत बसली. पर्स मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून, चावीवर दोन बोटं ठेवून. मी पुढे जाऊन बॉनेट उघडलं. आत बघण्यासारखं काही नव्हतं. वाकून उभी राहिले, तशी ताई दिसेनाशी झाली आणि तिला मी दिसेनाशी झाले. पेट्रोलचा वास येत होता. माझा आवाज निघाला तो घोगरा निघाला.

"फिरव."

मागे टाकीत पंप घुमला.

"फिरवली," ताई म्हणाली. आणि मग जरा थांबून, फार दिवसांनी कुणीतरी भेटल्यासारखं, "मेहुणे, तुम्ही होय! केव्हाची वाट बघतेय."

मी बॉनेटमागून बाहेर आले नाही. दोन्ही हात इंजिनावर टेकून तशीच उभी राहिले.

"बंद," मी म्हटलं, त्याच आवाजात.

"केली," ताई म्हणाली.